शस्त्रक्रियेपूर्वीची ॲसिडिटीची गोळी: कोणाला, कोणती आणि नेमकी कधी

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णाच्या हातात जो सूचनांचा कागद पडतो, त्यावर बहुधा दोन ओळी असतात. अमुक वाजल्यानंतर काही खाऊ-पिऊ नये, ही एक. आणि रात्री व सकाळी ॲसिडिटीची एकेक गोळी घ्यावी, ही दुसरी. पहिल्या ओळीवर घरात बरीच चर्चा होते. दुसरीबद्दल कोणी काही विचारत नाही, कारण ‘गॅसची गोळी’ आपल्या घरांतून चहा-साखरेइतकी सवयीची झालेली असते. ही गोळी भुलेच्या संदर्भात काय करते, काय करत नाही आणि तिची वेळ चुकली तर ती घेऊन न घेतल्यासारखी का होते, हे रुग्णाला व नातेवाइकांना समजावे यासाठी हा लेख आहे. यात दिलेल्या मात्रा प्रौढ रुग्णांसाठी सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या असून त्या केवळ समजुतीसाठी आहेत; आपले औषध आपल्या भूलतज्ज्ञांनीच ठरवायचे असते.

धोका दोन प्रकारचा असतो

आपण जागे असताना जठरातील पदार्थ वर आला तरी अन्ननलिकेच्या तळाशी असलेली झडप त्याला बऱ्याच अंशी अडवते, आणि त्यातूनही काही घशापर्यंत पोहोचले तर ठसका लागून श्वासनलिका सुरक्षित राहते. पूर्ण भूल दिल्यावर ही झडप सैल पडते आणि ठसकाही नाहीसा होतो. अशा वेळी जठरातील पदार्थ उलटा येऊन फुप्फुसात उतरला, तर त्याला ॲस्पिरेशन म्हणतात.

न्यूयॉर्कमधील प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली या विषयावरील आपला प्रसिद्ध अभ्यास मांडला. १९३२ ते १९४५ या काळातील ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदींत त्यांना अशा ६६ घटना आढळल्या. त्यांनी सशांवर प्रयोग करून दाखवले की आम्लयुक्त द्रव फुप्फुसात गेला तर तेथील ऊती भाजल्यासारख्या होतात, पण तोच द्रव उदासीन करून सोडला तर इजा पुष्कळच कमी होते. घन अन्नाचे मात्र वेगळे होते. ते श्वासमार्गच बंद करत होते. म्हणजे घास अडकणे हा एक धोका आणि आम्लाने भाजणे हा दुसरा. पहिल्यावर उपाय उपाशी राहण्याचा आणि दुसऱ्यावर औषधांचा. गोळी घेतली म्हणून जठरातील पोळीभाजी नाहीशी होत नाही, ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुढच्या बहुतेक चुका टळतात.

भूलशास्त्रात जठरातील द्रवाचा पीएच (आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) २.५ पेक्षा कमी आणि त्याचे प्रमाण सुमारे २५ मिलिलिटरपेक्षा जास्त असेल तर धोका अधिक, अशी मोजपट्टी परंपरेने वापरली जाते. ती मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांतून आलेली असल्याने लक्ष्मणरेषा मानण्याचे कारण नाही. तरीही औषधांची परीक्षा आजवर याच दोन आकड्यांवर होत आली आहे: पीएच किती चढला आणि द्रव किती घटला.

पहिली पायरी: ही गोळी आपल्याला खरोखर लागते का, हे विचारणे

ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत, नीट उपाशी राहिलेल्या निरोगी माणसाला हा धोका फारच कमी असतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९८५ ते १९९१ या काळातील दोन लाखांहून अधिक भुलांचा आढावा घेतला गेला, तेव्हा ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांत साधारण ३,८८६ भुलांमागे एक ॲस्पिरेशन आढळले. तातडीच्या शस्त्रक्रियांत मात्र ते ८९५ मागे एक होते. अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे याच कारणाने सांगतात की ज्यांना वाढीव धोका नाही त्यांना ही औषधे सरसकट देऊ नयेत. आपल्याकडे अनेक ठिकाणी ती छापील सूचनेसारखी सर्वांनाच दिली जातात. एक-दोन मात्रांनी सहसा अपाय होत नाही, त्यामुळे त्यावरून डॉक्टरांशी वाद घालण्याची गरज नाही. मात्र ‘गोळी घेतली आहे, आता अर्धा कप चहा चालेल’ असा जो खोटा दिलासा तिच्यामुळे मिळतो, तो घातक ठरू शकतो.

वाढीव धोका असणारे रुग्ण पुढीलप्रमाणे: गर्भारपणाचा निम्मा काळ उलटलेल्या स्त्रिया, ज्यांना आडवे होताच छातीत जळजळ होते किंवा आंबट पाणी घशाशी येते असे रुग्ण, हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीच्या पोकळीत सरकणे) असलेले, खूप स्थूल व्यक्ती, जुना मधुमेह असून थोडे खाल्ल्यावरच पोट गच्च होणारे, कारण त्यांच्या जठराची हालचाल मंदावलेली असू शकते, आतड्यात अडथळा असलेले, अपघातात जखमी झालेले, आणि मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामके चालू असलेले. अपघाताच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तीव्र वेदना आणि भीती यांमुळे जठर रिकामे होणे जवळपास थांबते, म्हणून दुपारी दोनला जेवलेला माणूस तीनला दुचाकीवरून पडला, तर रात्री दहा वाजताही त्याचे पोट भरलेलेच आहे असे समजून भूल दिली जाते.

या यादीत अलीकडे वजन व साखर कमी करणाऱ्या इंजेक्शनांची भर पडली आहे. सेमाग्लुटाइड आणि टर्झेपाटाइड ही औषधे जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात. जून २०२३ मध्ये अमेरिकेत सल्ला दिला गेला होता की आठवड्याला एकदा घ्यायचे इंजेक्शन शस्त्रक्रियेपूर्वी एक आठवडा थांबवावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अनेक संघटनांनी मिळून हा सल्ला सैल केला: बहुतेकांनी औषध चालू ठेवले तरी चालेल, पण ज्यांची मात्रा वाढवणे चालू आहे किंवा ज्यांना मळमळ, उलटी, पोटफुगी होते, त्यांचा निर्णय वेगळा घ्यावा आणि अशांना आदले २४ तास केवळ द्रव आहार द्यावा. भारतात टर्झेपाटाइड मार्च २०२५ पासून मिळू लागले आहे. वजनासाठी इंजेक्शन घेत असल्याचे सांगायला अनेकांना संकोच वाटतो, पण भूलतज्ज्ञांपासून ते लपवणे म्हणजे भरलेल्या पोटाची बातमीच लपवण्यासारखे आहे.

दुसरी पायरी: भूलपूर्व तपासणीत ‘पित्त’ हा शब्द उलगडून सांगणे

आपण ज्याला ‘फिटनेसला जाणे’ म्हणतो त्या तपासणीत एक अडचण खास मराठी आहे. ‘मला पित्ताचा त्रास आहे’ या एका वाक्याचे आपल्या भाषेत निदान तीन अर्थ होतात. छातीत जळजळ, आंबट ढेकर आणि कडवट उलटी हा पहिला. अंगावर लालसर गांधी उठून खाज सुटणे, म्हणजे ‘अंगावर पित्त उठणे’, हा दुसरा. तो ॲलर्जीचा प्रकार असून त्याचा जठराशी बहुधा काहीच संबंध नसतो. पित्ताशयातील खडे हा तिसरा. भूलतज्ज्ञांच्या दृष्टीने या तिन्हींचा अर्थ पूर्णपणे वेगळा आहे. पहिल्यात ते आम्ल कमी करण्याचा विचार करतील, तर दुसऱ्यात कोणत्या औषधाने गांधी उठल्या हे खोदून विचारतील, कारण तेच औषध भुलेत पुन्हा दिले जाणे धोक्याचे असते. म्हणून तक्रारीचे नाव सांगण्याऐवजी तिचे वर्णन करावे: काय होते, कुठे होते, झोपल्यावर वाढते का, आठवड्यातून किती वेळा होते.

याच भेटीत चालू असलेल्या सर्व औषधांच्या रिकाम्या पट्ट्या सोबत न्याव्यात. ॲसिडिटीच्या औषधांपुरते बोलायचे तर तीन बाबी विशेष महत्त्वाच्या आहेत. हृदयात स्टेंट असल्यामुळे क्लोपिडोग्रेल हे रक्ताच्या गुठळ्या रोखणारे औषध चालू असेल, तर ओमेप्राझोल व इसोमेप्राझोल त्याचा परिणाम कमी करतात. अशा रुग्णांना सहसा पँटोप्राझोल दिले जाते. मूत्रपिंड कमजोर असेल तर फॅमोटिडिन व रॅनिटिडिन ही आम्ल कमी करणारी आणि मेटोक्लोप्रमाइड हे जठर रिकामे करण्यास मदत करणारे औषध यांची मात्रा कमी करावी लागते. पार्किन्सनचा आजार असेल तर मेटोक्लोप्रमाइड टाळले जाते, कारण ते मेंदूतील डोपामिनच्या कार्यात अडथळा आणून कंप व ताठरपणा वाढवते. आतड्यात अडथळा असतानाही ते देत नाहीत.

तिसरी पायरी: चार प्रकारची औषधे आणि त्यांचा स्वभाव

पहिला प्रकार एच-२ रोधकांचा. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून सिमेटिडिन आले, ते १९७६ साली बाजारात आले आणि पुढे १९८८ मध्ये ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज या गटातील फॅमोटिडिन (२० ते ४० मिलिग्रॅम) आणि रॅनिटिडिन (तोंडाने १५० मिलिग्रॅम, शिरेतून ५० मिलिग्रॅम) ही नावे ओळखीची आहेत. हिस्टामिनकडून आम्लपेशींना मिळणारा इशारा ही औषधे अडवतात. तोंडाने घेतल्यास दीड-दोन तासांत आणि शिरेतून दिल्यास पाऊण-एक तासात ती चांगली लागू पडतात.

रॅनिटिडिनबद्दल येथे एक खुलासा करायला हवा. या औषधात एनडीएमए नावाची, कर्करोगाशी संबंध जोडली गेलेली अशुद्धी सापडल्याचे सप्टेंबर २०१९ मध्ये समोर आले. साठवणुकीत, विशेषतः उष्णतेत, तिचे प्रमाण वाढत जाते हेही दिसले. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते बाजारातून काढून घेण्यास सांगितले. भारतात ते राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीतून २०२२ साली वगळले गेले, पण विक्री बंद झालेली नाही. एका-दोन मात्रांमुळे घाबरून जाण्यासारखे काही नाही. तरी फॅमोटिडिन उपलब्ध असताना तेच का घेऊ नये, हा प्रश्न विचारणे रास्त आहे.

दुसरा प्रकार प्रोटॉन पंप रोधकांचा: ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल. ही औषधे आम्ल तयार करणारा पंपच कायमचा निकामी करतात, आणि शरीराने नवे पंप बनवेपर्यंत परिणाम टिकतो. म्हणून औषध रक्तातून एक-दोन तासांत कमी झाले तरी त्याचा परिणाम दिवसभर राहतो. या गोळ्या जास्त ताकदीच्या म्हणून प्रसिद्ध आहेत आणि रोजच्या त्रासासाठी ते खरेही आहे. परंतु त्या केवळ चालू असलेल्या पंपांनाच निकामी करू शकतात, आणि उपाशी माणसाचे पुष्कळसे पंप विश्रांती घेत असतात. त्यामुळे पहिल्या गोळीचा परिणाम अर्धवट होतो आणि पूर्ण जोर यायला तीन ते पाच दिवस लागतात. शस्त्रक्रियेच्या सकाळी घेतलेल्या एकाच मात्रेची तुलना करणाऱ्या चाचण्यांत रॅनिटिडिनने या तथाकथित जोरदार गोळ्यांवर मात केली आहे, याचे कारण हेच. पँटोप्राझोल द्यायचे असेल तर आदल्या रात्री एक आणि सकाळी एक अशा दोन मात्रा देण्यामागचे शास्त्र यातच आहे. रात्रीची गोळी विसरून सकाळी दोन घेतल्याने ती भरपाई होत नाही.

तिसरा प्रकार आम्ल उदासीन करणाऱ्या द्रवांचा. वरचे दोन्ही प्रकार नवे आम्ल तयार होणे थांबवतात. जे आधीच जठरात साचले आहे त्याला ते हातही लावत नाहीत. साचलेले आम्ल ताबडतोब मारण्याचे काम सोडियम सायट्रेट करते. ०.३ मोलर तीव्रतेचे ३० मिलिलिटर द्रावण भूल देण्यापूर्वी थोडाच वेळ पाजले जाते. चव वाईट असते, परिणाम जेमतेम तासभर टिकतो, आणि जठरातील द्रव तेवढ्याने वाढतोही. तरीही तातडीच्या सिझेरियनमध्ये, जिथे गोळी लागू पडायची वाट पाहायला वेळच नसतो, तिथे याला तोड नाही.

आता हेच काम घरातील गुलाबी-पांढऱ्या अँटासिडने का करू नये, असा प्रश्न पडेल. जेलुसिल किंवा डायजिनसारख्या औषधांत ॲल्युमिनियम व मॅग्नेशियमच्या क्षारांचे बारीक कण तरंगत असतात. ते जठरात उपयोगी असले तरी फुप्फुसात गेल्यास आम्लाइतकीच इजा करू शकतात. सोडियम सायट्रेट पाण्यासारखे स्वच्छ असते, म्हणून ते निवडले गेले. इनोसारख्या फसफसणाऱ्या चूर्णात कण नसतात, पण वायू असतो. त्याने जठर फुगते आणि ढेकरेबरोबर द्रव वर येण्याची शक्यता वाढते. शस्त्रक्रियेच्या सकाळी ही दोन्ही औषधे आपल्या मनाने घेऊ नयेत.

चौथा प्रकार जठरातील पदार्थ पुढे ढकलणाऱ्या औषधांचा. मेटोक्लोप्रमाइड (१० मिलिग्रॅम) जठर रिकामे होण्यास मदत करते आणि अन्ननलिकेची झडप आवळते. आम्लावर त्याचा परिणाम नाही. पॅन-डीसारख्या कॅप्सूलमधील ‘डी’ म्हणजे डोमपेरिडोन, ते याच वळणाचे औषध आहे. हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता असलेल्यांनी ते सहज म्हणून घेऊ नये. ऑन्डान्सेट्रॉन हे मात्र उलटीचे औषध आहे, आम्लाचे नाही; तपासणीच्या कागदावर दोन्ही शेजारी लिहिलेली असतात म्हणून गोंधळ होतो.

चौथी पायरी: घड्याळ लावणे

सर्वमान्य नियम असे आहेत: पाण्यासारखे स्वच्छ द्रव भुलेपूर्वी २ तासांपर्यंत, आईचे दूध ४ तासांपर्यंत, हलके खाणे व इतर कोणतेही दूध ६ तासांपर्यंत, आणि तळलेले, तुपकट किंवा मांसाहारी जेवण ८ तासांपर्यंत. बिनदुधाचा चहा स्वच्छ द्रवांत मोडतो. दुधाचा चहा, ताक आणि गर असलेला रस मोडत नाहीत. ॲसिडिटीवर घरगुती उपाय म्हणून थंड दूध पिण्याची आपली सवय येथे थेट सहा तासांचा नियम मोडते.

समजा, शस्त्रक्रिया सकाळी नऊला आहे. रात्री आठच्या सुमारास वरण-भातासारखे हलके जेवण उरकावे. झोपण्यापूर्वी, साधारण दहाला, सांगितलेली पहिली गोळी घ्यावी. सकाळी सहा-साडेसहाला दुसरी गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यावी. घोटभर म्हणजे औषधाच्या झाकणाने दोन-तीन झाकणे, पेलाभर नव्हे. सातनंतर पाणीही बंद. दुपारची शस्त्रक्रिया असेल तर हेच गणित पुढे सरकवता येते, पण ते घरी बसून सरकवू नये. आधीच्या रुग्णाची शस्त्रक्रिया रद्द झाली की आपला क्रमांक अचानक वर येतो, आणि मग आपल्या हिशेबातले सहा तास चारच उरतात. पाणी कधीपर्यंत चालेल हे रुग्णालयाला नेमके विचारून कागदावर लिहून घ्यावे. उलट दिशेची चूकही वाईटच आहे. रात्री बारापासून दुपारी दोनपर्यंत वृद्ध माणसाला पाण्याविना ठेवल्याने जठर अधिक रिकामे होत नाही, रुग्ण मात्र कोरडा पडतो.

ज्यांना ॲसिडिटीची गोळी रोज चालू आहे त्यांनी ती ‘आज उपाशी राहायचे आहे’ म्हणून चुकवू नये. अनेक दिवसांची गोळी एकदम थांबवली तर आम्ल उसळी मारते, आणि ती उसळी नेमकी भुलेच्या दिवशी नको असते.

‘उपास’ या शब्दाबद्दलही सावध असावे. एकादशीच्या दिवशी शस्त्रक्रिया असलेला रुग्ण ‘मला उपासच आहे’ असे प्रामाणिकपणे सांगतो आणि पोटात तूप व शेंगदाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी असते. भुलेच्या हिशेबात ते आठ तासांचे जेवण आहे. निघताना देवापुढचे पंचामृत हातावर घेतले जाते, त्यात दूध, दही, तूप असते. चमचाभर असले तरी घेतल्याचे सांगावे. तंबाखूचा बार, मिश्री आणि सुपारीही त्या सकाळी टाळावी, आणि सवयीने झालेच तर लपवू नये. ही कबुली ऐकून कोणी रागावले तरी शस्त्रक्रिया फार तर काही तास पुढे जाईल.

पाचवी पायरी: सिझेरियन आणि तातडीची शस्त्रक्रिया

गर्भारपणात वाढलेले गर्भाशय जठराला वर ढकलते आणि संप्रेरकांमुळे झडप सैल होते. कळा सुरू झाल्यावर जठर रिकामे होणेही मंदावते. म्हणून ठरलेल्या सिझेरियनपूर्वी एच-२ रोधक किंवा प्रोटॉन पंप रोधक आणि ऐन वेळी सोडियम सायट्रेट अशी जोडी वापरली जाते. ‘कमरेत इंजेक्शन देणार आहेत, मग उपाशी कशाला’ हा प्रश्न नातेवाईक नेहमी विचारतात. कमरेतील भूल अपुरी पडली किंवा रक्तस्राव वाढला तर काही मिनिटांत पूर्ण भूल द्यावी लागते, आणि त्या क्षणी मागे जाऊन उपाशी राहता येत नाही.

तातडीच्या वेळी औषधांवरचा भर कमी होतो आणि भूलतज्ज्ञांच्या हातावरचा वाढतो. रुग्णाला आधी प्राणवायू देऊन, झटपट भूल देऊन लगेच श्वासनलिकेत नळी बसवली जाते. ब्रायन सेलिक यांनी १९६१ साली सांगितलेली, गळ्यावर विशिष्ट ठिकाणी दाब देण्याची पद्धतही अनेक ठिकाणी वापरतात. पोट भरलेले असल्याची शंका असेल तर हल्ली जठराची सोनोग्राफीही करता येते. नातेवाइकांचे काम एकच: शेवटचे काय खाल्ले, किती वाजता आणि दुखापत किती वाजता झाली, हे अंदाजाने न सांगता आठवून सांगणे.

शस्त्रक्रियेनंतर

शुद्धीवर आल्यावर घशाशी आंबट आले, सतत खोकला लागला, श्वास घेताना घरघर झाली किंवा दम लागू लागला, तर ती साधी ॲसिडिटी समजून गोळी मागू नये. परिचारिकेला लगेच सांगावे. फुप्फुसात काही उतरले असेल तर त्याची लक्षणे बहुधा पहिल्या काही तासांतच दिसू लागतात.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर पँटोप्राझोल पुन्हा लिहिलेले असते. वेदनाशामक गोळ्यांनी जठराला इजा होऊ नये म्हणून ते दिलेले असते आणि त्या गोळ्या थांबल्या की बहुतेकांना त्याचीही गरज संपते. पण कार्डावर ‘किती दिवस’ हा रकाना रिकामा राहिला तर तीच गोळी वर्षानुवर्षे चालू राहते, आणि दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम कमी होण्याची शक्यता असते. कार्ड हातात पडताच त्या ओळीसमोर शेवटची तारीख लिहून मागावी.